रस्ता तेवढा ठेव

संपतने सीपीयूच्या डब्यातून रॅमची पट्टी उपसली, तिच्या सोनेरी कडेवरून शाळेतलं खोडरबर खसाखसा फिरवलं, फुंकर मारली आणि देवाला फूल वाहावं तशा हाताने ती परत जागेवर बसवली.

"आता बघा शेठ," तो म्हणाला, "लोण्यावानी चालंल."

सुगनचंद शेठनी हिशोबाचा प्रोग्राम उघडला. चैत्रापासूनची सगळी कांदापट्टी, विक्रीची नोंद न् नोंद, पडद्यावरून सरसर खाली गेली. कुठे थांबली नाही, कुठे अडखळली नाही. शेठचा चेहरा मात्र खुलायच्या ऐवजी पडला.

"कुठं अडकतंय?" संपतने विचारलं.

"आत्ता न्हाई अडकत. तू गेला का अडकतं."

"मग व्हायरस आसंल," संपत ठामपणे म्हणाला. "माणूस बघून लपतो त्यो."

संपत मूळचा डिंगोऱ्याचा. पूर्वी विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तारेने भरून द्यायचा. पुढे मंचरला येऊन सहा महिन्यांचा कोर्स केला आणि दुकानावर कॉम्प्युटरची पाटी लावली. हात वाईट नव्हता, पण 'मला कळत नाही' एवढं म्हणायला त्याची जीभ वळत नसे. कुणी त्याच्या दारात विमान आणून उभं केलं असतं, तरी त्याने आधी त्याला खोडरबर लावून पाहिलं असतं. शेठकडची ही त्याची तिसरी खेप होती. मधे एकदा डबा दुकानात नेऊन दोन दिवस चालवून पाहिला, तर गडी ठणठणीत. तरी त्याने तो पुसून पुन्हा सगळं भरलं आणि 'घाण लई व्हती' असं सांगून परत आणला.

आता शेठची गोष्ट. सुगनचंद शेठ मंचरच्या बाजारातले जुने आडते. डोळे बांधून हातात कांदा दिला, तर वास घेऊन गाव सांगायचे. निमगाव सावा म्हणाले तर निमगाव सावाच. बाजारात असंही बोललं जायचं की, त्या शेतकऱ्याचं सकाळी बायकोशी भांडण झालं होतं का, तेही त्यांना वासावरून कळतं. आणि गंमत अशी की, धर्माने जैन असल्यामुळे या माणसाने जन्मात कांद्याची पात जिभेला लावलेली नव्हती.

गाळ्याला लागूनच घर. घरात सत्ता शेठाणीची, कस्तुरबाईंची, आणि कस्तुरबाईंवर सत्ता सूर्याची. सूर्य मावळायच्या आत जेवण व्हायचंच. वेळ टळली तर ती रात्र उपाशी. लग्न झाल्यापासून वेळ टळली नव्हती. एखादे दिवशी सूर्यच जरा रेंगाळला असेल, पण कस्तुरबाईंची ताटं कधी रेंगाळली नाहीत.

कॉम्प्युटर आणला होता मुलाने, पीयूषने, आडतीच्या हिशोबाला. सोबत पुण्याहून मोटारींच्या शर्यतीची एक सीडी आणली, आठवडाभर खेळला आणि विसरून गेला. शेठना ती मोटार एकदा चुकून सापडली. तेव्हापासून बाजार उलगडला की, ते गाळ्यामागच्या खोलीत बसायचे, दार लोटून घ्यायचे. बाहेर हायवेवरून ट्रक जायचे, आत शेठची लाल गाडी घाटातून.

अडकत होती ती ही गाडी. पण पासष्टीकडे झुकलेला आडत्या, धोतर नेसून पोरांचा खेळ खेळतो, हे संपतला सांगायचं कोणत्या तोंडाने? म्हणून हिशोब अडकतात म्हणायचे. हिशोब बिचारे कधी अडकले नव्हते.

त्या दिवशी संपत पिशवी उचलून गेला आणि दुकानात पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं की, बारीक पेचकस टेबलावरच राहिला. तो परत फिरला. गाळ्यावर हमाल पेंगत होता. मागच्या खोलीचं दार जरासं उघडं होतं.

संपतने खाकरायला हवं होतं. नंतर त्याला त्याचीच जास्त लाज वाटली.

शेठ पाठमोरे होते. पडद्यावर लाल गाडी धक्के खात चालली होती. पुढे, ठप्प, पुढे, ठप्प, जुनाट मोटारीत हवा शिरल्यावर पाणी यावं तशी. बाकीच्या गाड्या केव्हाच निघून गेल्या होत्या आणि शेठना त्यांचं काही पडलेलं दिसत नव्हतं. डोंगराला वळसा घालणारं एक वळण आलं. शेठ ताठ झाले. बोट ब्रेकच्या बटणावर गेलं आणि त्याबरोबर उजवा पाय फरशीवर, जिथे ब्रेक असायला हवा तिथे, करकचून दाबला गेला. चित्र गोठलं. सुटलं तेव्हा गाडी वळणाच्या कितीतरी पलीकडे पोचलेली होती. मधे काय झालं ते दिसलंच नाही.

शेठनी खेळ पहिल्यापासून लावला. पुन्हा तेच वळण, पुन्हा फरशीवर पाय, पुन्हा चित्र गोठलं.

"शेठ," संपत म्हणाला.

शेठ असे वळले, जणू वजनकाट्यावर अंगठा दाबताना धरले गेलेत. त्यांनी पडदा हाताने झाकायचा प्रयत्न केला. पण दोन तळव्यांत घाट मावेना.

"पीयूषचं हाय ते. मी आपलं… बंद करत व्हतो."

संपतला आता दुसरंच दिसत होतं. डब्याच्या मागच्या जाळीवर पाणी गाळायचं पांढरं फडकं बांधलेलं होतं, दुहेरी घडी घालून, सुतळीने नीट आवळून. त्याने डब्यावर हात ठेवला. तव्यासारखा तापला होता.

"हे कुणी बांधलं?"

शेठना फडकं आजच दिसत होतं. उत्तर दारातून आलं. कस्तुरबाई तिथे उभ्या होत्या, जेवायची हाक द्यायला आलेल्या.

"मी बांधलं," त्या म्हणाल्या. "पावसाळ्याचं चिलटं लई. पंख्याजवळ घिरट्या घालत्यात, चिरडून मरत्यात. झाडताना खाली पाहिली मी. तू येणार म्हटलं का सोडून ठेवायची, तू गेला आन् हे गाळ्यावर गेले का परत बांधायची. हसशील म्हणून."

खोलीत तिघं होते आणि तिघांनाही कुठे बघावं कळेना. बाहेरून एक ट्रक गेला, खिडकीची काच थरथरली.

शेवटी संपतच बोलला, आणि जन्मात पहिल्यांदा खोडरबराशिवाय बोलला. त्याने सांगितलं की, विहिरीतल्या मोटारीच्या जाळीत शेवाळ अडकलं की मोटार तापते, तसं यालाही वारा लागतो. हिशोबाला काही मेहनत पडत नाही. पण खेळात दर क्षणाला नवीन चित्र काढायचं म्हणजे यंत्र तापतं, आणि तापलं की जळू नये म्हणून स्वतःच दम खात चालतं. मग खाली बघत म्हणाला, "व्हायरस कधी नव्हताच, शेठ."

"आन् हिशोब कधी अडकले नव्हते," शेठ म्हणाले.

"फडकं सोडलं की झालं. गाडी जागेव थांबंल."

कस्तुरबाई पुढे आल्या आणि मुकाट्याने सुतळीची गाठ सोडायला लागल्या. गाठ पक्की होती. त्यांच्या नखांचा आवाज तेवढा येत होता.

"राहू दे," शेठ म्हणाले.

ते कुणाला म्हणाले ते आधी संपतला कळलं नाही.

"फडकं राहू दे. संपत, तसंच काय करता येत असंल तर बघ. न्हाईतर सीडी घेऊन जा."

आता इथे थोडं मागे जायला हवं, कारण शेठ मोटार चालवायचे हे बाजारात निम्म्या लोकांच्या ध्यानातही नव्हतं. तेरा-चौदा वर्षांपूर्वी त्यांच्याकडे पांढरी फियाट होती. एकदा दोघं नारायणगावला कुणाच्या दुःखाला भेटायला गेले होते. अशा घरी जेवण नाही, आणि निघायला उशीर झाला. सूर्य कलला होता. शेठनी गाडी दामटली. कळंबच्या वळणावर बाभळीच्या सावलीतून काहीतरी आडवं आलं, समोरच्या बाजूला धप्प झालं आणि गाडी जरा उचलली गेली. कस्तुरबाई शेजारीच होत्या. "काय व्हतं हो?" त्यांनी विचारलं. "खड्डा," शेठ म्हणाले. गाडी थांबली नाही. घरी पोचले तेव्हा ऊन अजून भिंतीवर होतं. दोघं वेळेत जेवले.

पुढच्या आठवड्यात शेठनी फियाट विकली. गुडघे दुखतात म्हणाले. बाजाराने गुडघ्यांवर विश्वास ठेवला, मोहरीचं तेल सुचवलं, एकाने तर भुतं उतरवणाऱ्या भगताकडे नेण्याचीही तयारी दाखवली. कस्तुरबाईंनी गुडघ्यांबद्दल कधी विचारलं नाही. तेल चोळून दिलं नाही. 'खड्डा' हा शब्दही पुन्हा त्या घरात निघाला नाही. रस्त्यात खड्डा लागला तरी दोघं गप्प राहायचे.

संपतला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो खुर्चीवर बसला आणि खेळाच्या आतल्या सेटिंगच्या चाव्या शोधायला लागला.

"फडकं एकेरी केलं तर चालंल का?" कस्तुरबाईंनी विचारलं. "एका पदरातूनबी चिलट जात न्हाई."

"चालंल काकी. आन् यंत्राचं ओझं कमी करू. चित्रात जितकं कमी, तितकं ते गार राहतंय." त्याने शेठकडे मान वळवली. "झाडं काढू?"

"काढ."

घाटावरची झाडं गेली.

"सावल्या?"

"आधी काढ त्या."

"कडंला माणसं उभी हायेत, टाळ्या वाजवणारी. ती राहू द्यायची?"

"त्यांना कशाला? काढ."

"बाकीच्या गाड्या? त्या गेल्या तर शर्यत कसली राव, एकट्याचीच पळापळ."

"मी कुठं पळतोय?" शेठ म्हणाले. "काढ. रस्ता तेवढा ठेव."

संपतने रस्ता तेवढा ठेवला. कस्तुरबाईंनी फडक्याची घडी मोडून ते एकेरी बांधलं. पेचकस खिशात घालून संपत निघाला. दारात थांबून म्हणाला की, बाजारात कुणी विचारलं तर हिशोब अडकत होते असंच सांगीन. शेठनी मान हलवली. या माणसाने आयुष्यभर थापा मारल्या, पण ही एक त्याने शेवटपर्यंत सांभाळली. मग मला कुठून कळलं, ते विचारू नका.

कस्तुरबाई लगेच गेल्या नाहीत. कोपऱ्यातलं स्टूल त्यांनी ओढलं आणि शेठच्या डाव्या हाताला ठेवून त्यावर बसल्या, पदर सावरून, गाडीत बसायच्या तशा.

"ताटं मांडलीत," त्या म्हणाल्या.

"हां. एवढं बघतो."

खिडकीतलं ऊन भिंतीवर तिरपं चढलं होतं. शेठनी खेळ लावला. उघड्याबोडक्या डोंगरातून एकच काळा रस्ता आणि त्यावर एकच गाडी. आता धक्का नव्हता. गाडी सावकाश, एकसारखी चालली. वळण आलं. शेठचा पाय फरशीवर दाबला गेला, बोट बटणावर. चाकं ओरडली, गाडीचं तोंड जरा खाली झुकलं, आणि वळणाच्या अलीकडे, बरोबर अलीकडे, ती उभी राहिली.

समोर रिकामा रस्ता होता. शेठचा पाय अजून उचलला गेला नव्हता.

कस्तुरबाई पडद्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, त्याच आवाजात, जणू मधे काही वर्षं गेलीच नव्हती.

"काय व्हतं हो?"

आत इंजिनाची घरघर चालू होती.

"कुत्रं," ते म्हणाले. "कुत्रं व्हतं."

पडद्यावर वेळ संपल्याची पाटी आली. कुणी बटण दाबलं नाही. भिंतीवरचं ऊन वर सरकत छताला लागलं, मग तेही गेलं. स्वयंपाकघरात दोन ताटं मांडलेली होती, त्यांवर झाकणं होती. दिवा लावायलाही कुणी उठलं नाही.