सकाळचे हात

बाळाचे गुडघे दुमडले, मांड्या हळूच बाहेरच्या बाजूला उघडल्या, आणि डाव्या खुब्याशी माझ्या बोटाला बारीकसा हिसका बसला. तो कानाला ऐकू येत नाही, बोटालाच कळतो. हाड खोबणीत सैल असलं की असं होतं. आत्ता कळलं तर काही आठवडे पट्टा बांधून भागतं. राहून गेलं तर पोर लंगडत चालतं आणि मग ऑपरेशन करावं लागतं.

"पट्टा लागेल बहुतेक," मी आईला म्हटलं. "डॉक्टर बघतीलच."

ती गोंधळली. "पण सिस्टर, सकाळी तुम्हीच म्हणालात, पाय छान आहेत म्हणून."

"ते दुसरं बाळ असेल."

"नाही हो, हेच. आम्ही तेव्हा खिडकीपाशी होतो. खिडकी लागेना म्हणून दुपारी इकडे हलवलं."

बाळंतीण दमलेली असते, काहीबाही बोलते, म्हणून मी फाइल उघडली. डोळे, टाळू, हृदय, खुबे. सगळ्यांपुढे 'ठीक', आणि खाली माझीच सही. वेळ आठ वाजून वीस मिनिटं. बाळाच्या घोट्यावरचा क्रमांक मी तीनदा पडताळला. तोच होता.

मला काही सुधरेना. एकच बाळ, एकच सुईण, सकाळी खुबा ठीक आणि दुपारी सैल? मी धाकटीला हाक मारली. धाकटी म्हणजे आमच्या वॉर्डातली नवी सुईण, जेमतेम दोन वर्षांची नोकरी.

"जरा हात लाव गं."

तिने लावला. "हिसका आहे ताई. डावीकडे. चांगलाच आहे."

म्हणजे दुपारचे हात खरे. मग सकाळचे?

मी चहाच्या खोलीत जाऊन बसले. सकाळी बोटं बधिर असतात हे मला ठाऊक होतं. गारठा म्हणा, वय म्हणा, मी रोज नवं कारण काढत होते. आठच्या फेरीला जड असायची, दहापर्यंत सुटायची, की मी विसरून जायचे. पण हे कधीपासून? तेच आठवेना. शेवटी घरी फोन लावला.

"अहो, माझ्या घड्याळाचा पट्टा तुम्ही कधीपासून लावून देताय?"

"आज काय प्रेमाचं भरतं आलंय का?" आमचे हे म्हणाले.

"सांगा ना."

"समोरच्यांनी फाटक रंगवलं ना, त्या आठवड्यापासून. तुला बक्कल जमेना. मला वाटलं, लाडात आलीस. तीन महिने झाले की. का गं?"

"काही नाही. जेवून घ्या."

नोंदवही काढली. तीन महिन्यांत सकाळच्या फेरीत माझ्या सहीची एकशे बारा बाळं. बहुतेक सगळी ठणठणीत असणार. पण ठणठणीत नाही ते कोणतं, हे माझ्या बोटांनीच सांगायचं होतं आणि त्यांना आता विचारून उपयोग नव्हता. एकेक नाव वाचत गेले. एकही चेहरा आठवेना, सगळे सारखेच लाल आणि सुरकुतलेले.

निवृत्तीला आठ महिने राहिले होते. गुपचूप दुपारची पाळी मागून घेतली असती तर कोणाला पत्ता लागला नसता. खोटं कशाला सांगू, मनात आलं होतं. मला भीती वाटत होती.

मग वही धाकटीपुढे ठेवली. "हे सगळे परत बोलवायचे. आता तू तपासायचंस."

"कारण काय सांगू?"

"सांग, त्या सिस्टरचे हात सकाळी चालत नाहीत."

"ताई, मी असं कसं सांगू?"

"बरं, मी सांगते. आण तो फोन."

दोन दिवसांनी बाळं यायला लागली. एका आजींनी सरळ विचारलं, "मग तेव्हा काय झोपेत होता का?"

"हात झोपले होते, आजी."

त्या हसल्या नाहीत. त्यांचं बरोबरच होतं.

एकविसावं बाळ महिन्याभराची मुलगी होती. धाकटीची बोटं थांबली. तिने पुन्हा एकदा पाय उघडून पाहिले आणि आईकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

"उजवीकडे, ताई."

माझ्या जुन्या 'ठीक'खाली मी 'उजवा खुबा सैल' असं लिहिलं. पेन मुठीत धरावं लागलं.

"वेळेत आलो ना हो आम्ही?" आईने विचारलं.

"वेळेत आलात," मी म्हटलं, आणि ते खरं होतं.

बाहेर बाकावर पुढचं बाळ रडत होतं. धाकटी नळाच्या थंड पाण्याने हात धुऊन आली. गार हातांनी बाळाला शिवायचं नाही, हे मीच तिला शिकवलं होतं.

"आण इकडे," मी म्हटलं, आणि तिची बोटं माझ्या तळव्यांत घेऊन चोळत राहिले. गार आहेत की गरम, मला काहीच कळत नव्हतं.

"झाले का गं उबदार?"

"झाले, ताई," ती म्हणाली.