मूठभर पराग

मित्रांनो, आजऱ्याजवळच्या काजूच्या बागेत दगडावर बसलेली मी एक जुनी मधपेटी आहे. सागवानी फळ्यांची. सुताराने रंधा मारून मला गुळगुळीत केलं, आत लाकडी चौकटी बसवल्या आणि एकोणीसशे शहाण्णव साली या बागेच्या मालकीण आक्काताईंनी मला एस.टी.च्या टपावर घालून घरी आणलं. जांभळाच्या ढोलीतलं सातेरी जातीच्या मधमाश्यांचं मोहोळ त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्यात वसवलं.

लोकांना वाटतं, मधमाशी म्हणजे नुसता गोडवा. मी आतून पाहिलंय ना! गांधीलमाशी दारात यायची आणि पहाऱ्यावरच्या माश्यांची मुंडकी कचाकच तोडायची. मग सगळ्या जणी तिच्यावर तुटून पडायच्या, तिच्याभोवती घट्ट गोळा करायच्या आणि आपल्याच अंगाच्या उष्णतेने तिला भाजून मारायच्या. त्यात त्यांच्याही कितीतरी मरायच्या. एवढं कशासाठी? पिलांसाठी आणि पिलांच्या अन्नासाठी. ते अन्न म्हणजे पराग. फुलातली धूळ मधात कालवून माशी तिची गोळी करते आणि मागच्या पायांना चिकटवून घरी आणते.

आक्काताईंची मुलगी साक्षी कोल्हापुरात रसायनशास्त्र शिकत होती. तिने माझ्या दाराला बारीक छिद्रांची जाळी लावली. आत घुसताना माश्यांच्या पायांवरच्या काही गोळ्या ओरबाडल्या जात आणि खालच्या कप्प्यात पडत. त्यातला थोडा पराग तिने कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेला. सुट्टीला आली ती धावतच.

"आई, ह्यात पाव हिश्शाच्या आसपास प्रथिनं हाईत! शरीराला बाहेरनंच घ्यावी लागतात ती अमिनो आम्लंसुद्धा. बाकी निम्म्याच्या वर साखर न् पिठूळ भाग, जराशी चरबी, ब गटातली जीवनसत्त्वं, लोह, जस्त..."

"मग औषधच म्हण की!"

"न्हाय गं. पौष्टिक हाय, औषध न्हाय. आन् कुणाकुणाला फुलांची धूळ सोसत न्हाय. त्येंच्यासाठी हे विषच. घसा सुजतो, श्वास कोंडतो."

आक्काताईंनी ते मनात धरलं. पराग न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या बजावत, "पैल्या दिशी एकच दाणा जिभंवर ठेवा. खाज सुटली, शिंका आल्या, तर तिथंच थांबा." जाळीही त्या अधूनमधूनच लावत. पिलांच्या तोंडचा सगळाच घास कसा काढायचा? माझं कौतुक वाढलं. माझ्या शेजारी आणखी पेट्या आल्या.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात गावातला जोतीराम पराग न्यायला आला. त्याचा धाकटा भाऊ केरबा तालमीतला पैलवान. जत्रेतली कुस्ती तोंडावर आली होती. आक्काताईंनी त्यालाही तेच बजावलं. "व्हय व्हय, ठावं हाय," म्हणत तो बरणी घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी केरबाने मूठभर पराग दुधातून पिऊन टाकला. बघता बघता ओठ सुजले, डोळे मिटले, अंगभर गांधी उठल्या. तो तालमीच्या मातीत कोसळला आणि हवेसाठी टाचा घासू लागला. त्याला जीपमध्ये टाकून दवाखान्यात पळवलं. तिकडे जीप गेली आणि इकडे जोतीराम कुऱ्हाड घेऊन बागेत शिरला. मागे तालमीतली पोरं, हातात काठ्या आणि रॉकेलचा डबा.

"माझ्या भावाला इख घातलंस!"

"ऐक, जोतीराम! त्येला धूळ सोसत नसंल..."

पुढचं काठीखाली विरलं. आक्काताईंच्या मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग पेट्या फुटू लागल्या. चौकटी लाथांखाली चिरडल्या, मध आणि पिलं मातीत एक झाली. रॉकेल ओतलं, काडी ओढली. माझ्या बहिणी धडाडून पेटल्या आणि जळत्या पंखांच्या माश्या गवतात टपटप पडू लागल्या. राहिले मी एकटी. जोतीरामने घाव घातला आणि माझी कूस उभी फाटली.

आतल्या माश्या बाहेर पडल्या त्या थेट त्याच्या तोंडावर. डोळ्यांत, कानांत, मानेवर. कुऱ्हाड गळून पडली. तो किंचाळत लोळू लागला. बाकीची पोरं पळून गेली. कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

आक्काताई उठल्या. मोडका हात छातीशी धरून, दुसऱ्या हाताने त्यांनी ओलं गोणपाट ओढत आणलं आणि त्याच्यावर टाकलं. "हात मारू नगंस! पडून ऱ्हा!" म्हणत त्याला फरफटत ओढ्याकडे नेलं. तिथे नखाने एकेक काटा खरवडून काढला. त्यांना स्वतःला किती डंख बसले, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

केरबा वाचला. वेळेवर इंजेक्शन मिळालं म्हणून. परागाचं वावडं असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. सुजलेल्या तोंडाने जोतीराम पुन्हा बागेत आला आणि आक्काताईंसमोर उकिडवा बसला.

"आक्का, तू सांगितलंवतंस. मीच त्येला बोललो न्हाय. म्हटलं, एका दाण्यानं कुठं ताकद येती?"

 आक्काताईंनी प्लॅस्टरातल्या हाताने राखेकडे बोट केलं. "मला नगं सांगूस. त्येंच्याकडं बघ."

तो राखेजवळ गेला. मेलेल्या माश्यांचा तिथे थर पडला होता. त्याने टॉवेल पसरला आणि एकेक माशी उचलून त्यात ठेवू लागला. एक माशी त्याने तळहातावर घेतली. पंख जळाले होते, पण मागच्या पायांवरच्या पिवळ्या गोळ्या तशाच होत्या. ती घरी निघाली होती. जोतीराम तिच्याकडे बघत राहिला आणि हमसून हमसून रडू लागला.

मित्रांनो, फुलांची ताकद जरूर चाखा. पण आधी डॉक्टरांना विचारा, आणि कुणी सावध केलं तर कान देऊन ऐका. माश्यांचा घास घ्याल, तेव्हा त्यांच्या पिलांचा वाटा मागे ठेवा. आणि रागाच्या भरात हात उगारण्याआधी एवढंच आठवा, की एका मोहोळाला वसायला किती फुलं लागतात.