म्हशीमागची बाई

त्या रविवारी अख्ख्या गल्लीनं आपला मागचा जन्म बघितला. 'जन्मछाया' अ‍ॅपवर फोटो टाकायचा, अर्ध्या मिनिटात कोण सरदार, कोण राणी! फुकटात राज्य मिळतंय म्हटल्यावर कोल्हापूरकर मागं राहतोय व्हय? जो तो स्टेटस ठेवून मोकळा.

मोनाच्या फोटोत मात्र तिच्या मागं एक बाई उभी होती. केस मोकळे, डाव्या हातात फुटकी बांगडी. मैत्रिणीनं तो फोटो ग्रुपवर टाकला आणि दुपारपर्यंत वारणानगरला, मोनाच्या होणाऱ्या सासरी पोचलासुद्धा.

सासूबाईंचा फोन आला. "पोरीला बाहेरचं हाय म्हणं. आधी ते निस्तरा, मग लग्नाचं बघू."

झालं! शेजारणी दारावरून जाताना पदर सावरायला लागल्या. मोना चार दिवस उंबऱ्याबाहेर पडली नाही. आरशात बघायचंही तिनं सोडलं.

शेवटी तिनं भिऊन अ‍ॅपवरचा नंबर लावला. अ‍ॅपवाले छायानाथ महाराज फोनवरच भेटत. आवाज तुपात घोळलेला. "बेटी, सात जन्मांची वैरीण आहे ती. कॉस्मिक लहरींनी बांधावी लागेल. तुझ्या पाठीवर तिची खूण असणार. उघड्या पाठीचा फोटो पाठव, चेहरा दिसला पाहिजे. आज संध्याकाळपर्यंत! कुणाला बोललीस तर ती वडिलांना धरेल." लहरींना चेहरा कशाला लागतो, हे विचारायचं भान त्या भ्यालेल्या पोरीला कुठून असणार?

तिनं खोलीला कडी घातली. पाठवावा तर अब्रू जाते, न पाठवावा तर बाप जातो. करावं तरी काय माणसानं?

तेवढ्यात दारावर वडिलांची थाप पडली. "मोने, दार उघड! बिजलीलाबी धरलंय गं तिनं!"

मोनाचे वडील गणपतराव गंगावेशीच्या कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध विकत. बिजली त्यांची लाडकी म्हैस. चार दिवस पान्हा चोरत होती, म्हणून बिचाऱ्यांनी तिचाही फोटो अ‍ॅपवर टाकला होता.

मोनानं फोन ओढून घेतला. रंगवलेल्या शिंगांमागं तीच बाई! तेच केस, तीच फुटकी बांगडी.

"आबा, माझी सात जन्मांची वैरीण ही. बिजलीनं हिचं काय घोडं मारलं?"

मोनानं दुधाच्या बादलीचा फोटो टाकला. बादलीमागंही बाई हजर! मोना खदखदून हसली आणि मग बापाच्या गळ्यात पडून रडली. तिनं त्याला सगळं सांगितलं.

संध्याकाळी तिच्या कॉलेजच्या जरीना मॅडमनी कट्ट्यावरच सगळ्यांना समजावलं. "चित्र एकच, तयार ठेवलेलं. शंभरातल्या पाच फोटोंमागं ते चिकटवायचं, आणि ज्यात माणसाचा चेहराच सापडत नाही त्याच्यामागं तर हमखास. त्यातला एखादा भिऊन फोन करतोच. मग त्याच्याकडून नको ते फोटो मागवायचे आणि धमकवायचं. बाकीच्यांना राणी-सरदार करतात, ते आणखी माणसं ओढायला."

"मग आमचे फोटो?" कुणीतरी हळूच विचारलं.

"ते त्यांच्याकडंच राहिले की!"

जो तो फोन काढून आपलं स्टेटस पुसायला लागला.

पोलिसांत तक्रार झाली, अ‍ॅप बंद पडलं. वारणानगरहून पुन्हा फोन आला, तेव्हा मोना म्हणाली, "लग्नाचं मी बघते सावकाश. तुम्ही आधी बादलीचा फोटो बघा."

पण तिचा चेहरा अजून त्या अनोळखी माणसाच्या हातात आहे. तो परत आणायची सोय नाही. म्हणून ती भेटेल त्याला एवढंच सांगते, "भ्यायच्या आधी तपासा. आणि फोटो टाकायच्या आधी विचारा, त्यो जातोय कुठं?"