जवसाचे लाडू

आश्विनातलं ऊन टेकडीवरून उतरायचं. धुतल्या तांदळासारखं शुभ्र, निर्मळ, निष्पाप. पण प्रयोगशाळेमागच्या प्राणीघराच्या उंबऱ्याशी आलं, की तेही नाकाला पदर लावून थबकायचं.

आत वास होता. मुताचा, कुजट भुशाचा, औषधांचा. आंबट, उग्र, घशाला चिकटणारा. अकरा वर्षं इंदुबाई शेलार त्या वासात पिंजरे धूत होत्या, अकरा वर्षं घरी न्हाल्याशिवाय घास घेत नव्हत्या. किळस त्यांच्या कातडीखाली बिऱ्हाड करून होती.

सरपोतदार मॅडमनी चाळीस पांढऱ्या उंदरिणींचे बीजकोश काढले होते. त्यांनीच इंदुबाईंना समजावलं होतं: मेंदूतल्या चेतापेशींना इवली दारं असतात. बीजकोशातलं हॉर्मोन रक्तातून येतं, दारावर थाप देतं. दार उघडतं, आणि घाव सोसायचं बळ पेशीच्या अंगी येतं. हॉर्मोन आटलं, की दार मिटलेलं, पेशी उघडी-वाघडी. वीस जणींना ते टोचायचं, वीस जणींना नाही. मग मेंदूला इजा करायची, आणि कुणाच्या पेशी तगतात ते बघायचं.

न टोचलेल्या वीस जणी. पोटावर टाके, डोळे गुंजेसारखे लाल.

इंदुबाईंना थोरल्या बहिणीचं पोट आठवलं; तेच टाके, तीच ग्लानी. तेव्हा आईनं जवसाचे लाडू वळले होते. तीन आठवडे, रोज दुपारी, डब्यातला एकेक लाडू चुरून त्या या वीस जणींना गजांतून आत सोडत राहिल्या.

महिन्यानं मॅडमनी त्यांना सूक्ष्मदर्शकाशी बोलावलं. काचेवर मेंदूच्या पातळ चकत्या, त्यांत चेतापेशींच्या जांभळ्या चांदण्या. टवटवीत, सगळ्या शाबूत. टोचलेल्यांच्या, न टोचलेल्यांच्याही.

"यांना काही खायला घातलंत?"

"जवसाचा लाडू, मॅडम. पोट कापलेल्या बाईला देतोच की आपण."

"माहेरपणाला आणलं होतं का यांना?" मॅडम थकून हसल्या. "जवसातही त्या हॉर्मोनसारखंच काही असतं, बाई. त्यानं तीच दारं उघडली. आता फरक कुठला दाखवू? चाळीस मेंदू फुकट गेले. पुन्हा चाळीस लागतील."

पुन्हा चाळीस.

इंदुबाई मोरीशी गेल्या. साबणानं हात धुतले, राखेनं धुतले, फिनेलनं धुतले. मुताचा वास गेला, भुशाचा गेला. तूप-गुळाचा, भाजल्या जवसाचा वास बोटांतून जाईना. त्या मायाळू, गोड वासापायी त्या दिवशी न्हाऊनही त्यांनी घास घेतला नाही.

सोमवारी नवे पिंजरे आले. त्या दाणा घालू लागल्या. आणि गजांआडून चाळीस गुलाबी नाकं, थरथरत, हुंगत, विश्वासानं, त्यांच्या बोटांकडे वळली.