फ्रेमवाल्यांचा हं

लग्न झालं. दोघांनी सह्या केल्या, साक्षीदारांनी जांभया दिल्या आणि सगळे चहा प्यायला गेले.

हे झालंच नाही, असं समजा. कारण त्या मंगळवारी फ्रेमवाले ओठांत बारीक खिळे धरून कुणाच्या तरी कुत्र्याच्या फोटोला चौकट ठोकत होते, आणि त्यांचं लग्न होईल असं त्यांना वाटत नव्हतं, कुत्र्यालाही नाही.

खिळे ओठांत धरायचे, एकेक काढायचा, ठोकायचा, ही त्यांची जुनी रीत. त्यामुळे दुकानात त्यांच्या तोंडून एकच शब्द बाहेर पडे. गिऱ्हाइकाने फोटो पुढे केला की हं, म्हणजे ठेवा तिथे. शनिवारी मिळेल का, याला लांबलचक हं, म्हणजे बघू. काचेला कुणी बोट लावायला गेलं की हं हं! लग्न झालेली मुलगी फोनवर सासूची गाऱ्हाणी सांगे, तेव्हा मधूनमधून एक हं, म्हणजे मी आहे अजून. बायको होती तेव्हा दिवा मालवताना एक हं असे. त्याचा अर्थ कुणी विचारला नाही.

शेजारची इस्त्रीवाली बाई आत आली. तिचाही नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. तिने त्यांचे कडक घडीचे सदरे कुत्र्याशेजारी ठेवले.

"अहो, जरा ऐकता का?"

"हं."

"भाचा म्हणतो, दुकान बंद कर आणि माझ्याकडे राहायला ये. त्याला पोरं सांभाळायला माणूस हवंय, न कळायला मी काय कुकुलं बाळ आहे?"

"हं."

"मला इथेच राहायचंय. तर म्हणे, एकटी कशी राहणार. तुम्हीही एकटेच. लग्न करू या का?"

हातोडी क्षणभर हवेत राहिली. मग खिळ्यावर पडली.

"हं," फ्रेमवाले म्हणाले.

बाई दाराशी जराशी रेंगाळली आणि निघून गेली. संध्याकाळी मुलगी वडिलांना भेटायला आली, तेव्हा बाईने तिला वाटेतच गाठलं आणि सगळं सांगितलं. मुलगी दचकली नाही. तिने आधी मुद्द्याचं विचारलं.

"कसा होता? लांब की आखूड?"

"मधला. एवढा." बाईने बोटांनी माप दाखवलं.

"नाकातून?"

"तोंडात खिळे असताना आणखी कुठून येणार गं?"

"मावशी, मला फोनवरचा तेवढा कळतो. हा माझ्या आवाक्यातला नाही. परत विचारा ना."

"परत? एकदा विचारलं तेवढं पुरे. आणि आता जायला निमित्ताचे सदरे कुठून आणू? रविवारी भाचा टेम्पो घेऊन येतोय. इस्त्री, टेबल, मी, सगळं चढवणार त्यात."

खिळे काढून बोला, असं त्यांना सांगायचं आजवर गल्लीत कुणाला सुचलं नव्हतं. मुलीलाही नाही. ते खिळे म्हणजे त्यांचे दातच आहेत, अशी सगळ्यांची समजूत होती.

शनिवारी बाई रिकाम्या हाताने आली. तो हात तिने त्यांच्या हनुवटीखाली धरला.

"थुंका."

फ्रेमवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग एकेक करून सगळे खिळे तिच्या तळव्यावर ठेवले.

"आता बोला."

त्यांनी ओठ पुसले. मग मापाची टेप उचलली आणि चालू पडले. बाई मूठ मिटून मागोमाग. तिच्या दुकानात जाऊन त्यांनी इस्त्रीचं टेबल मापलं, पाय धरून हलवून पाहिलं. परत येऊन स्वतःच्या खिडकीखालची भिंत मापली. तिथल्या जुन्या चौकटी उचलून बाजूला रचल्या.

"मावेल," ते म्हणाले. "उजेडही आहे."

"मग मंगळवारी काय म्हणालात?"

"हो म्हणालो की." ते खरोखरच गोंधळले होते. "दुसरं काय म्हणालो?"

रविवारी टेम्पो आला. बाईचं टेबल खिडकीखाली बसलेलं पाहून भाच्याने बराच वेळ हॉर्न वाजवला, आणि तो रिकामाच परत गेला.

महिन्याभराने नोंदणी कार्यालयात साहेबांनी विचारलं, "हा विवाह मान्य आहे?"

"हो!" फ्रेमवाले खणखणीत म्हणाले.

बाई दचकून त्यांच्याकडे बघत राहिली. सही केली, पण चेहऱ्यावरचं दचकणं काही जाईना. चहाला निघालेली माणसं जिन्यात थांबली, कारण नवरी परत आत गेली होती.

"साहेब, एवढं बदलून द्या ना."

"लेखी द्या," साहेब मान वर न करता म्हणाले.

तिने लेखी दिलं: 'वराने आज दिलेला हो अर्जदार वधूच्या ओळखीचा नाही. सबब तो रद्द समजून त्या जागी गेल्या महिन्यातल्या मंगळवारचा हं दप्तरी नोंदवण्यात यावा, ही नम्र विनंती.'