पाळण्यातली सुपारी

“सांजच्या आरतीपर्यंत देव नाय सापरला, तं याला पोलिसांच्या हवाली करायचा!” देवळाच्या कमिटीचा अध्यक्ष विलास पायरीवरून गरजला.

‘हा’ म्हणजे शिवराम. परभणीकडचा भाडेकरू, देवळाचं अंगण झाडायचा. पाळण्यातला चांदीचा बाळकृष्ण नाहीसा झाला आणि देवळाची एक किल्ली त्याच्याकडे होती. गरिबाकडे किल्ली असली की पुरावा कोण मागतो?

“मावशी, म्या नाही घेतला,” तो गोजराबाईला म्हणाला. “पोरीची दहावी हाय. खोली गेली तर कुठं जाऊ?”

सीवूड्सच्या मॉलमागच्या त्या गावठाणात कोंबडी हरवो की कर्णफूल, लोक आधी गोजराबाईचा ओटा गाठायचे. मॉलला शंभर कॅमेरे, गावाला एक गोजराबाई, अशी थट्टाही व्हायची.

तिने पाळण्यात डोकावलं. देवाच्या जागी सुपारी होती, पिवळ्या फुलांच्या चिंधीत गुंडाळलेली.

चांदीवर डोळा असलेला चोर कशाला सुपारी ठेवील? पाळणा रिकामा राहू नये ही काळजी बाईमाणसाचीच. पूर्वी मूल नसलेल्या बाया पाळण्यातला देव गुपचूप चोरायच्या आणि मूल झालं की वाजतगाजत परत आणायच्या. मधेच देव परत गेला की नवस फुकट. हे आता दोन-तीन म्हाताऱ्यांनाच ठाऊक होतं. गेल्या दिवाळीत करंज्या करताना गोजराबाईने ते आणखी एकीला सांगितलं होतं.

आणि ती चिंधी! सात वर्षांपूर्वी सुनेला दिवस गेले तेव्हा गोजराबाईने स्वतः शिवलेल्या झबल्याची होती. तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. झबलं तिने सुनेला टाकून द्यायला सांगितलं होतं. तिने सुपारी चिंधीसकट कनवटीला लावली.

घरी तिने ती चिंधी काढून सून मनस्वीच्या पुढ्यात ठेवली. मनस्वीने तांदळाच्या पिंपात हात घालून देव काढला आणि छातीशी धरला.

“आई, मंगळवारी खारघरच्या डॉक्टरचा रिपोर्ट हाय. या वेळेला होईल. चारच दिवस थांबा ना!”

“शिवरामकडं चार दिस नाय गो.”

“माझं नाव सांगनार?”

गोजराबाईने हात पुढे केला. मनस्वीने एकेक बोट सोडवत देव दिला. तो घेताना सुनेच्या मांडीवरचं मूल हिसकावल्यासारखं गोजराबाईला वाटलं, आणि तिला स्वतःचाच राग आला.

आरतीला गाव जमलं होतं. तिने देव पाळण्यात ठेवला.

“मीच चोरलावता,” ती म्हणाली. “किल्ली शिवरामच्या दारामागच्या खिल्यावरून नेली. त्याला ठाव नाय.”

“कोनासाठी?” जुनी रीत ठाऊक असलेल्या एका म्हातारीने विचारलं.

“माझ्यासाठी.”

“या वयात पालना हलवतेस, गोजरा?” म्हातारी म्हणाली, तसा एकच हशा पिकला. “शोधनारीच चोर!” कोणीतरी ओरडलं. विलासने हसू दाबत शिवरामला जा म्हणून खूण केली. शिवराम तेवढा हसला नाही. तो वाकून तिच्या पाया पडला, तशी तिने पाय मागे घेतले.

ती घरी आली तेव्हा मनस्वी दारातच उभी होती. हशा तिथपर्यंत ऐकू गेला होता.

“लय हसली का लोकं?”

“हसू दे. तुला नाय हसली.”

मनस्वीने तिच्या पुढ्यात ताट ठेवलं. दोघी जेवायला बसल्या. मंगळवार अजून चार दिवसांवर होता.