हाक पोचत नाही तिथं

राजमतीला धबधबा बघायचा होता. यात काय एवढं, असं कुणीही म्हणेल. ज्याला दिवसभर हाका येत नाहीत त्यानं खुशाल म्हणावं.

तासगावजवळ मळ्यात तिचं घर. उजाडलं की सुरू. राजमती, पाणी गाळलंस का? राजमती, औषध मारायला गडी आल्यात, चहा टाक. राजमती, पोरगं रडतंय. त्या घरात तिच्या नावाइतकी झिजलेली दुसरी वस्तू नव्हती.

ती वडूजची. सातवीत असताना शाळेची सहल ठोसेघरच्या धबधब्याला गेली. बापानं भावाला धाडलं, तिला ठेवून घेतलं. पोरीला पाणीच बघायचं तर आड आहे की दारात, म्हणाला. सहलीहून मैत्रिणी ओल्या वेण्या घेऊन आल्या आणि सांगत सुटल्या, "बाई कवाच्या हाका मारत हुत्या, पर ऐकूच येत नव्हतं गं. कानाला लागून बोललं तरी न्हाई." राजमती माहेराहून भांडीकुंडी घेऊन आली, तसं हे वाक्यही घेऊन आली. भांडी वापरून चेपली. वाक्य तसंच राहिलं.

आता अडचण बघा. ठोसेघरचं पाणी खरं पावसाळ्यातलं. बागायतदाराला उसंत मिळते तीही पावसाळ्यातच. ऑक्टोबरला द्राक्षबागेची छाटणी झाली की माल उतरेपर्यंत कुणी हलत नाही, मग बेदाणा, मग पुन्हा छाटणी. म्हणजे उसंत आणि पाणी एकाच वेळी येतात. पण त्याच वेळी येतो चातुर्मास, आणि तिची सासू हरणाबाई दर आषाढात बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जाऊन मुनिमहाराजांपुढं हात जोडून नियम घेते : दिवाळीपर्यंत येरळा नदी ओलांडणार नाही. म्हातारीनं घ्यावा, तिचं पुण्य तिला. पण म्हातारीला एकटं टाकायचं नाही, आणि तिला दिवस मावळायच्या आत ताजं, हातचं जेवण पाहिजे. ते कुणी करायचं? नियम एकीनं घेतला, अडकून पडली दुसरी. तिला कुणी महाराजांपुढं उभं केलं नाही, विचारलंही नाही.

नवरा भरतेश वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. द्राक्षाचा मणी बोटात धरून आत पाणी किती भरलं ते सांगणारा हा गडी, बायकोच्या मनाचा अंदाज त्याला कधी आला नाही. दोन श्रावणांमागं व्यापाऱ्यांबरोबर तो स्वतः ठोसेघरला जाऊन आला. भिजलेला सदरा तिच्या हातात देत म्हणाला, "लय पाणी गं." तिनं तो सदरा धुवायच्या आधी बराच वेळ धरून ठेवला होता, हे त्याला माहीत नाही.

या वर्षी दिवाळीची सुट्टी संपत आली तेव्हा नऊ वर्षांची स्वप्नाली हटून बसली, की वर्गातली सगळी कुठं कुठं जाऊन आली, आपणच नाही. दोन फवारण्यांच्या मधे एक दिवस मोकळा होता. भरतेश म्हणाला, "चला ठोसेघरला. यंदा पाऊस लांबलाय, असंल पाणी." चातुर्मास सुटला होता, म्हणून हरणाबाईही निघाल्या. राजमतीनं पहाटे दशम्या केल्या, शेंगांची चटणी बांधली आणि गाळलेल्या पाण्याचा कॅन भरला, कारण सासूबाई बाहेरचं पाणी पीत नाहीत. पाणी बघायला निघालेलं घर पाणी घरनं घेऊन निघालं.

जुनी कमांडर जीप कराड, सातारा करत सज्जनगडाच्या अंगानं वर चढली. पाच वर्षांचा अभी दर वळणाला विचारायचा, "आला का धबधबा?" राजमती विचारत नव्हती. खिडकीबाहेर गवत पिवळं पडायला लागलेलं तिनं कधीच बघितलं होतं.

जीप थांबली. हरणाबाई झाडाखाली सतरंजीवर बसल्या. बाकीचे कठड्यापाशी गेले.

समोर उंच काळा कडा. त्यावरून एक धार खाली येत होती, आडाच्या दोराएवढी. मधेच वारा आला की तीही मोडायची.

"ह्योच?" अभी म्हणाला.

"ह्योच की," भरतेश म्हणाला. "म्या आलतो तवा ह्या कड्याला काळं कुठं दिसत नव्हतं. नुस्तं पांढरं."

"मग तवाच का न्हाई आनलं आमाला?" स्वप्नाली म्हणाली. पोरांना एवढं कळतं. भरतेशनं कॅमेरा काढला.

राजमती कान देऊन उभी होती. खाली कुठंतरी पाणी ठिबकल्यागत वाजत होतं. एक पाखरू बोललं, तेही स्वच्छ ऐकू आलं. आणि मागून हाक आली, "राजमतीऽ, कॅन कुठं ठेवलास गं?"

दरीनं ती उचलली आणि परत दिली. मतीऽ. मतीऽ.

पोरं खूष झाली. अभीनं कठड्याला छाती लावून हाळी दिली, "राजमतीऽ!" स्वप्नालीनं दिली. भरतेशलाही हसू आलं, त्यानंही एक दिली. सगळा डोंगर तिला हाका मारू लागला. जिथं हाक पोचत नाही म्हणून ती इतकी वर्षं जीव टाकत होती, तिथं तिचं नाव चारी बाजूंनी येऊन तिच्याच अंगावर पडत होतं. तिनं कानांवर हात ठेवले नाहीत. वळली आणि कॅन द्यायला गेली.

जेवताना ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, पुढच्या आषाढाला म्यापन नेम घ्यावा म्हंते."

"घे की. उशिरा का हुईना, सुचलं," हरणाबाई म्हणाल्या.

"हद्द कोन सांगतं? महाराज?"

"न्हाई गं. घेनाऱ्यानंच सांगायची. महाराज नुस्तं हो म्हंत्यात."

"मग माजी हद्द ह्यो कठडा."

भरतेश दशमी मोडता मोडता थांबला. "अगं, हद्द म्हंजे जायाचं न्हाई म्हनून असती."

"हद्दीच्या पल्याड जायाचं न्हाई. हद्दीपातुर मोकळीकच असती. आत्याबाई येरळंपातुर जात्यातच की."

हरणाबाईंनी घास खाली ठेवला. "आनि माजा सैपाक?"

"एक दिस ह्ये करत्याल."

"मी?" भरतेश म्हणाला.

म्हातारीनं पोराकडं बघितलं, मग सुनेकडं, मग त्या कड्याकडं. तिच्या मनात काय आलं ते तिलाच ठाऊक. तिनंही सून म्हणून कुणाच्या तरी हाका झेललेल्याच होत्या.

"ह्यो भात करपवतोय," शेवटी म्हणाली. "त्या दिशी उपास धरीन मी."

हे हो होतं की टोमणा होता, राजमतीला कळलं नाही. तिनं खोदून विचारलं नाही. नेम म्हटल्यावर म्हातारी आडवी येणार नाही, एवढं तिला ठाऊक होतं. आषाढ मात्र लांब होता. मधे फवारण्या होत्या, घडांची विरळणी होती, माल होता, बेदाणा होता, आणि त्या सगळ्यातून तिचं नाव.

परतीला अभी तिच्या मांडीवर कलंडला. "आई, पुढच्या बारीला लय पाणी असंल?"

"लय. तू मला हाक मारशील, पर मला ऐकू यायची न्हाई."

तो घाबरला. "मग मी काय करू?"

"हात धर माजा."

त्यानं आत्ताच धरला. जीप घाट उतरायला लागली. मागच्या बाकावरून आवाज आला, "राजमती, घोटभर पानी दे गं."

तिनं मोकळ्या हातानं कॅन उचलला. अजून सगळं ऐकू येत होतं.